सापडलेला मेमरिस्टर आणि लागलेले स्टेशन

वैज्ञानिक निबंधांची शीर्षके सहसा रुक्ष असतात. मेमरिस्टर या विद्युत-घटकावरचे निबंध मात्र त्याला अपवाद आहेत. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी पहिला निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात हा घटक 'हरवलेला' होता. २००८ च्या मे महिन्यात 'नेचर'मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने जाहीर केले, की हरवलेला मेमरिस्टर 'सापडला'. पुढच्याच वर्षी योगेश जोगळेकर आणि स्टीफन वुल्फ यांच्या निबंधात तो 'हुलकावणी देणारा' झाला. २०१५ मध्ये वोंगेर आणि मेंग यांनी लिहिले, की तो अजून 'सापडलेलाच नाही'. ही शीर्षके ओळीने वाचली तर एखाद्या रहस्यकथेची प्रकरणे वाटावीत.

साहित्याच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. शब्द वस्तूच्या पुढे धावतात, हे त्याला ठाऊक असते. पण तंत्रज्ञानात शब्द पुढे धावला की त्याच्यामागे पैसा, पेटंट आणि विद्यार्थ्यांची वर्षे धावतात. म्हणून अशा लेखनाचीही समीक्षा व्हायला हवी. इथे मी मेमरिस्टरचा एकच उपयोग तपासणार आहे: रेडिओ-लहरींतून हवी ती लहर निवडणाऱ्या, आणि ती निवड बदलता येणाऱ्या फिल्टरमधला खटका म्हणून होणारा उपयोग. संगणकाची स्मृती किंवा मेंदूसारखे यंत्र हे विषय मोठे आहेत, पण तिथे शब्दांचा धुरळाही मोठा आहे. रेडिओचे तसे नाही. तिथे शेवटी एकच प्रश्न उरतो: स्टेशन लागले का?

हरवले म्हणजे काय?

चुआ यांचा तर्क देखणा होता. सर्किटमध्ये चार मूळ राशी असतात: व्होल्टेज, प्रवाह, विद्युतभार आणि चुंबकीय फ्लक्स. चार राशींच्या जोड्या होतात सहा. त्यांपैकी दोन व्याख्येनेच बांधलेल्या आहेत. तीन जोड्यांना आपण रोधक, कंडेन्सर आणि कॉईल म्हणून ओळखतो. भार आणि फ्लक्स यांची सहावी जोडी रिकामी राहते. तिथे एक घटक असायला हवा, आणि त्याचा रोध आतापर्यंत त्यातून किती भार वाहून गेला यावर ठरायला हवा. म्हणजे रोध आणि आठवण एकत्र. मराठीत त्याला 'स्मृतिरोधक' म्हणता येईल.

हा तर्क तक्त्यातल्या रिकाम्या घराचा आहे. मेंडेलीव्हने रिकामी घरे सोडली आणि पुढे ती भरली, ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते, त्यामुळे रिकामे घर दिसले की ते भरणारच असे वाटू लागते. २००८ च्या निबंधाने याच अपेक्षेला हात घातला. प्लॅटिनमच्या दोन पट्ट्यांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर होता. त्यातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा व्होल्टेजने सरकत, रोध बदलत असे आणि वीज बंद केली तरी तो तसाच राहत असे.

पण ऑक्साइडच्या थरांचा रोध विजेने बदलतो, हे १९६० च्या दशकापासून माहीत होते. टी. डब्ल्यू. हिकमॉट यांचे काम १९६२ चे आहे. विल्यम्स यांच्या गटाने त्या जुन्या वर्तनाला चुआ यांचे नाव आणि गणित दिले. विरोधकांचा आक्षेप असा, की चुआ यांच्या तक्त्यात चुंबकीय फ्लक्स होता आणि या थरात चुंबकत्वाचा काही भाग नाही. मग तेच घर भरले असे कसे म्हणायचे? पुढे २०११ मध्ये चुआ यांनी व्याख्या रुंद केली आणि रोध बदलून लक्षात ठेवणाऱ्या साऱ्याच स्मृती-घटकांना मेमरिस्टर म्हटले. घर भरत नसेल तर भिंती सरकवाव्यात, तसे हे झाले. आता काच-स्फटिक असे रूप बदलणारे पदार्थ, चांदीचा तंतू वाढवणाऱ्या फटी आणि ऑक्साइडचे थर सगळे एकाच नावाखाली आले. ते रेडिओत मात्र एकसारखे वागत नाहीत. तो फरक पुढे येईल.

पहिला रेडिओ आणि विसरण्याचे कौशल्य

२०१३ मध्ये गौरव गांधी, वरुण अग्रवाल आणि चुआ यांनी एक लक्षवेधी विधान केले: पहिले रेडिओ मेमरिस्टरनेच चालत होते. त्यांचा रोख कोहिररकडे होता. पॅरिसमध्ये एदुआर ब्रानली यांनी १८९० मध्ये धातूच्या किसाने भरलेली नळी दाखवली. जवळ ठिणगी पडली की किसातून वीज वाहू लागे आणि ठिणगी संपल्यावरही वाहतच राही. या नळीत मेमरिस्टरचे गुण आहेत, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले.

विधान चुकीचे नाही, पण ते कथेचा अर्धा भाग सांगते. कोहिररची आठवण ही त्याची अडचण होती. एक ठिणगी ऐकली की नळी 'चालू' स्थितीत अडकून बसे. दुसरी ठिणगी ऐकायची तर नळीला छोट्या हातोडीने टिचकी मारून विसरायला लावावे लागे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोखंड आणि पाऱ्याचा जो कोहिरर बनवला आणि १८९९ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचे वैशिष्ट्य तो आपोआप पूर्ववत होतो हेच होते. बोस यांचे कौशल्य विसरायला लावण्यात होते. आज आठवणीच्या गौरवासाठी त्यांचे नाव घेताना हे सांगायला हवे.

यातून एक कसोटी मिळते. रेडिओत आठवण हा स्वतःहून गुण नाही आणि दोषही नाही. ती कुठल्या जागी आहे यावर सारे ठरते. संदेश टिपणाऱ्या जागी आठवण ही अडचण आहे. स्टेशन निवडणाऱ्या जागी तीच सोय होते.

गँगची आठवण

निवड म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या उदाहरणाने पाहू. जळगाव आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे स्थान ९६३ किलोहर्ट्झ. पुण्याचे ७९२, इंदूरचे ६४८, मुंबईचे ५५८ आणि १०४४. जळगावातल्या छपरावरच्या तारेला यांतले काहीही कळत नाही. ती सगळ्यांना एकदम आत घेते. त्यांत शेतातल्या पंपाच्या स्टार्टरची खरखरही असते. कॉईल आणि कंडेन्सर यांची जोडी एका कंप्रतेलाच जोरात साद देते आणि बाकीच्यांना दाबते. कंडेन्सर बदलला की साद देण्याची जागा बदलते.

मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे तिप्पट. कंप्रता धारितेच्या वर्गमुळाने बदलते, म्हणून तिप्पट कंप्रतेसाठी धारिता नऊपट बदलावी लागते. हे काम जुन्या सेटमध्ये गँग करत असे. ॲल्युमिनियमच्या पात्यांची एक रांग स्थिर, दुसरी बटणाने फिरणारी, मध्ये हवा. धुळे-जळगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत आजही एखाद्या कपाटात अशी गँग सापडते. धूळ झटकली की ती चालते.

या गँगचा एक गुण इतका स्वाभाविक होता, की त्याची कोणी नोंदही घेतली नाही. रात्री सेट बंद करा, सकाळी चालू करा, तेच स्टेशन लागलेले असे. पाती जिथे थांबली तिथेच असत. बँड-स्विचचेही तेच. मध्यम लहरीवर ठेवला की तो वीज असो-नसो मध्यम लहरीवरच राही. आठवण जागेत होती.

पुढे गँगची जागा व्हॅरॅक्टर डायोडने घेतली. त्याची धारिता व्होल्टेजने बदलते, म्हणून व्होल्टेज सतत धरून ठेवावे लागते. बँड बदलायला पिन डायोड आला. तो चालू ठेवायला प्रवाह सतत द्यावा लागतो. आधुनिक सेटला स्टेशन 'आठवते' ते चिपमध्ये आकडा साठवलेला असतो म्हणून. दर वेळी त्या आकड्यावरून व्होल्टेज नव्याने तयार होते. आठवण जागेतून निघून आकड्यात गेली.

आता मेमरिस्टर-फिल्टरची रचना पाहा. एका कॉईलला १, २, ४, ८ अशा प्रमाणातले कंडेन्सर जोडायचे आणि प्रत्येकाच्या वाटेत एक मेमरिस्टर-खटका ठेवायचा. चार खटक्यांनी १६ पायऱ्या मिळतात, आठ खटक्यांनी २५६. खटका एकदा लावला की वीज न देता तसाच राहतो. ही गँगच आहे, नॅनोमीटरच्या मापात परत आलेली. 'चौथा मूळ घटक' या गाजावाजात हे साधे सत्य झाकले जाते. रेडिओत मेमरिस्टरचे मोल त्याच्या नवेपणात नाही. पन्नास वर्षांपूर्वी गेलेला एक जुना गुण तो परत आणतो, यात आहे.

एवढा खटाटोप मुळात हवा कशाला, असा प्रश्न पडेल. १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइन पद्धत काढून या प्रश्नाला बगल दिली होती. फिल्टरला स्टेशनकडे नेण्याऐवजी त्यांनी स्टेशनलाच एका ठरलेल्या फिल्टरकडे आणले. आपल्या सेटमधल्या ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफटी त्याच. बारीक निवड त्या करतात. पण दारावरची निवड उरतेच. शेजारचे जोरदार स्टेशन आत शिरून पहिल्याच ट्रान्झिस्टरला दाबून टाकू नये, एवढे तरी पुढच्या फिल्टरने पाहायचे असते. मोबाइलमध्ये यासाठी प्रत्येक पट्ट्याला वेगळा, न बदलणारा फिल्टर असतो आणि असे फिल्टर डझनांनी बसवावे लागतात. त्यांच्या जागी बदलता येणारा एकच चांगला फिल्टर देणे, हे आजही पूर्ण न सुटलेले काम आहे.

०.३ डेसिबेलचा अर्थ

या क्षेत्रातला महत्त्वाचा निबंध २०१५ चा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत चियांगफेई शिया आणि जोसेफ बार्डिन यांच्या गटाने चांदी आणि सोने यांच्यामध्ये नॅनोमीटरांत मोजावी अशी फट ठेवली. व्होल्टेज दिले की चांदीचा तंतू फट ओलांडतो आणि खटका लागतो. उलट दिशेने व्होल्टेज दिले की तो तुटतो. त्यांनी दिलेले आकडे असे: ४० गिगाहर्ट्झला चालू स्थितीत घट ०.३ डेसिबेल, बंद स्थितीत अडवणूक ३० डेसिबेल, आणि खटक्याच्या चांगुलपणाचे माप मानली जाणारी कटऑफ कंप्रता सुमारे ३५ टेराहर्ट्झ.

०.३ डेसिबेल म्हणजे शंभरातली ९३ टक्के शक्ती पलीकडे जाते. आकडा उत्तम आहे. पण हे मोजमाप ५० ओहमच्या सरळ वाटेवरचे आहे. अशा वाटेत किती रोध घातला तर ०.३ डेसिबेल घट होते, हे कागद-पेन्सिलीने काढता येते. सगळी घट रोधामुळेच धरली तर उत्तर येते सुमारे ३.५ ओहम.

हाच खटका आता फिल्टरच्या पोटात ठेवू. १ गिगाहर्ट्झसाठी ५ नॅनोहेन्रीची कॉईल घेतली तर तिचा प्रतिबंध ३१.४ ओहम. कॉईल फार चांगली, म्हणजे तिचा क्यू १०० आहे असे धरू. क्यू हे निवडीच्या धारदारपणाचे माप. तो १०० असेल तर फिल्टर १,००० मेगाहर्ट्झच्या आसपासचा १० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगळा काढतो. क्यू १०० याचा अर्थ कॉईलचा स्वतःचा रोध ०.३१ ओहम. त्यात खटक्याचे ३.५ मिळवले की रोध होतो ३.८ आणि क्यू घसरतो ८ वर. फिल्टरचा पट्टा १० वरून १२० मेगाहर्ट्झहून रुंद होतो. जो खटका वाटेवर जवळपास निर्दोष होता, तो पोटात गेल्यावर गाळणीची चाळण करतो.

निबंधातला आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होता. खटक्याच्या निबंधांत फिल्टरचे आश्वासन वाचायला मिळते, मोजमाप मात्र वाटेचे असते. वाचकाने विचारायला हवे: क्यू किती उरला?

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कटऑफच्या आकड्यावरून बंद स्थितीतली धारिता १.३ फेम्टोफॅरड निघते, जवळजवळ शून्य. म्हणून असे दहा खटके शेजारी-शेजारी जोडले तर रोध ०.३५ ओहमवर येतो, बंद धारिता १३ फेम्टोफॅरड होते आणि फिल्टरच्या ५ पिकोफॅरडपुढे ती नगण्यच राहते. क्यू ४७ वर परततो. हे खरे बळ आहे. मोबाइलमध्ये आज जे ट्रान्झिस्टर-खटके असतात, त्यांचा रोध आणि बंद धारिता यांचा गुणाकार साधारण १०० फेम्टोसेकंदांच्या घरात असतो. इथे तो पाचाच्याही आत आहे. अट एवढीच, की दहाही तंतू प्रत्येक वेळी नीट जुळले पाहिजेत. तंतू वाढणे ही मुळात लहरी क्रिया आहे. दहातले दोन जुळले नाहीत तर फिल्टर बेसूर होतो.

इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले निकोलस वाइनस्टाइन आणि शाहर क्वाटिन्स्की यांनी २०१८ मध्ये मेमरिस्टरने बदलता येणाऱ्या कॉईलचा प्रस्ताव मांडला. त्यांचे मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की तिथे सुरुवात सर्किटपासून होते. फिल्टरला काय हवे हे आधी, घटक किती नवलाचा हे नंतर.

शून्य विजेचा दावा

मेमरिस्टर-खटक्याचा सर्वांत मोठ्याने सांगितला जाणारा गुण म्हणजे स्थिर स्थितीत तो वीज खात नाही. विधान खरे आहे. तुलना कोणाशी केली, यावर त्याचे वजन ठरते.

पिन डायोडला १० मिलिअँपिअर प्रवाह सतत दिला तर २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २०० तासांत, म्हणजे आठ दिवसांत संपते. कापसाच्या किंवा केळीच्या बागेत ओलावा मोजून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात निरोप पाठवणारे यंत्र डोळ्यांसमोर आणले, तर शून्य वीज हे वरदानच वाटेल. पण तसे यंत्र सतत जागे नसते. दर पंधरा मिनिटांनी ते एक सेकंद जागे होत असेल, तर त्याच डायोडचा सरासरी प्रवाह ११ मायक्रोअँपिअर होतो. बॅटरी डायोडमुळे नव्हे, स्वतःच्या वयामुळे आधी मरेल. शिवाय आजचे ट्रान्झिस्टर-खटके मुळातच फारच थोडी वीज घेतात. आणि वीज न खाता जागा धरून ठेवणारा लॅचिंग रिले तर कधीपासून बाजारात आहे. उपग्रहांतही असे खटके वापरतात.

तेव्हा शून्य विजेचा फायदा सतत ऐकत राहणाऱ्या आणि शेकडो खटके असलेल्या फिल्टरमध्ये खरा आहे. झोपाळू यंत्रात तो दिसणारही नाही. शेतकऱ्याच्या नावाने एखादे तंत्र विकले जाते तेव्हा हा भागाकार करून पाहावा.

ऐकण्यानेच पुसणारी आठवण

आता त्या समान नावाखालच्या फरकाकडे येऊ. चांदीच्या तंतूच्या किंवा ऑक्साइडच्या खटक्याला दोनच टोके असतात. ज्या टोकांतून खटका लावण्याचा हुकूम जातो, त्याच टोकांतून रेडिओ-लहरही जाते. रूप बदलणाऱ्या पदार्थांच्या काही खटक्यांत, जर्मेनियम टेल्युराइडच्या विशेषतः, खटका बदलणारी शेगडी वेगळी असते आणि लहरीची वाट वेगळी. गँगमध्येही फिरवणारा हात वेगळा आणि लहर वेगळी होती.

दोन टोकांच्या खटक्यात लहर मोठी झाली की तीच हुकूम बनू शकते. ५० ओहमच्या वाटेवर १० मिलिवॉट शक्तीची लहर १ व्होल्टचे शिखर गाठते, १ वॉटची १० व्होल्टचे. वाट पुढे बंद असेल तर त्याच्या दुप्पट, आणि फिल्टरच्या पोटात क्यूच्या प्रमाणात आणखी. असे खटके बदलायला साधारण काही व्होल्ट पुरतात. अतिवेगवान लहरीच्या मागे अणू लगेच धावू शकत नाहीत, हे खरे. पण तापमान वाढते आणि खटका लागणे-तुटणे दोन्ही दिशांना सारखे नसते, त्यामुळे हळूहळू जागा सरकू शकते. म्हणजे ज्या स्टेशनपासून वाचायचे, त्याच जोरदार स्टेशनने निवड पुसून टाकायची. ऐकणाऱ्या यंत्रात हे सांभाळता येईल. बोलणाऱ्या यंत्राच्या दारात हा खटका ठेवणे धोक्याचे.

झिजेचेही तसेच. खटका दहा लाख वेळा टिकतो असे धरू. दिवसाला हजार वेळा बदलला तर सुमारे पावणेतीन वर्षे चालेल. ब्लूटूथसारखी सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलणारी यंत्रणा तोच खटका सव्वादहा-साडेदहा मिनिटांत संपवेल. हा खटका 'लावा आणि राहू द्या' या कामाचा आहे. गँगही तशीच वापरली जात असे.

कोल्हापूर, खोडद आणि मधली वाट

महाराष्ट्रात या विषयाची दोन टोके आहेत. एक कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडचे मेमरिस्टर बनवले, साध्या रासायनिक पद्धतींनी. कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीशिवाय हे काम होऊ शकते, हे त्यांनी दाखवले, याचे महत्त्व खानदेशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला कळेल. त्या कामाचा भर स्मृती आणि मज्जापेशींसारख्या जोडण्यांवर आहे. तिथे फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडची वाहक काच चालते. रेडिओत ती चालणार नाही, कारण अशा काचेच्या चौरसालाच साधारण दहा ओहमच्या घरातला रोध असतो. हा त्या कामाचा दोष नाही. एकच नाव असलेल्या दोन कामांना वेगळी भांडी लागतात, एवढेच.

दुसरे टोक जुन्नर तालुक्यात, खोडदला. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांना आकाशातल्या अतिक्षीण लहरी ऐकायच्या असतात. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने तिच्यासाठी जे सर्वांत वरच्या पट्ट्याचे ग्राहक बनवले, त्यांत १०६०, ११७०, १२८० आणि १३९० मेगाहर्ट्झभोवतीचे, प्रत्येकी १२० मेगाहर्ट्झ रुंद असे चार उपपट्टे खटक्याने निवडता येत. बदलता येणारा फिल्टर महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहायचा तर तो असा दिसतो: चार ठरलेले फिल्टर आणि त्यांच्यात निवड करणारा खटका.

०.३ डेसिबेलचा आणखी एक अर्थ इथे कळतो. साध्या तापमानाला एवढी घट पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी झाली, तर ती सुमारे २१ केल्विन एवढा गोंगाट वाढवते. जिथे एकेक केल्विनसाठी झटायचे, तिथे ही मोठी किंमत आहे. म्हणून खटका आणि फिल्टर पहिल्या ॲम्प्लिफायरच्या मागे ठेवावे लागतात. मोबाइलसाठी नगण्य असलेला आकडा दुर्बिणीला जड होतो.

या दोन टोकांमधली वाट कशाने भरावी? सध्या ती बहुधा संगणकी नकलेने भरली जाते. अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांत मेमरिस्टर-फिल्टर भेटतो तो अनेकदा एचपीच्या सोप्या समीकरणावर, क्वचित 'जोगळेकर विंडो' लावून चालवलेला. त्यात चालू रोध १०० ओहम आणि बंद रोध १६ हजार ओहम हे आकडे परंपरेने उतरत आले आहेत. वरच्या आपल्या कॉईलशी १०० ओहम जोडून पाहा: क्यू ०.३. याला फिल्टर म्हणता येत नाही. दुसरे असे, की त्या समीकरणात खटका फक्त वाहून गेलेल्या एकूण भाराने बदलतो. वर-खाली सारखी झुलणारी लहर बेरजेत शून्य होते, म्हणून नकलेत ती आठवण कधीच पुसत नाही. प्रत्यक्षातला मुख्य धोका समीकरणातच नसल्यामुळे अहवालात तो येत नाही. जोगळेकर आणि वुल्फ यांचा निबंध शिकवण्यासाठी उत्तम आहे. शिकवण्याचे साधन रचनेचे प्रमाणपत्र म्हणून वापरणे ही पुढच्यांची चूक.

मी या विषयाची पदवी घेतलेली नाही. पुस्तके, निबंध आणि जुने सेट हीच माझी शाळा. त्या शाळेतून एक गोष्ट खात्रीने सांगता येते: मधली वाट मोजमापाने भरता येईल आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नॅनोव्हीएनए नावाचे हातात मावणारे विश्लेषक यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत घट, अडवणूक, क्यू मोजते. जळगावच्या किंवा धुळ्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने एकच कॉईल घ्यावी. तिच्याशी आधी जुनी गँग, मग पिन डायोड, मग लॅचिंग रिले, आणि मिळालाच तर एखादा मेमरिस्टर जोडावा, आणि प्रत्येकाचा क्यू एका तक्त्यात लिहावा. हा तक्ता कुठल्याही नकलेपेक्षा अधिक शिकवील. मेमरिस्टर त्यात हरला तरी नेमका कुठे आणि कितीने हरला, हे कळेल. पुढचे काम तिथूनच सुरू होते.

मेमरिस्टर सापडला की नाही, हा वाद चुआ यांच्या तक्त्यापुरता महत्त्वाचा आहे आणि तो चालू राहो. फिल्टर बनवणाऱ्याला त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे आलेल्या प्रत्येक निबंधाला त्याने तीन प्रश्न विचारावेत: खटका पोटात ठेवल्यावर क्यू किती उरला? जोरदार लहरीपुढे जागा किती टिकली? आणि तुलना आजच्या खटक्याशी केली की कालच्या? तिन्ही उत्तरे ज्या निबंधात असतील, त्याच्या शीर्षकात 'सापडला' हा शब्द नसला तरी चालेल.